गोदूकाकूचं नेट आणि स्टीलच्या कोठ्या

आमच्या गोदूकाकूला साधी सायकल चालवता येत नाही. नरहरीकाकांच्या स्कूटरवर मागे बसली की आमच्या तात्यापारा मोहल्ल्यातून बाहेर पडेपर्यंत तिने काकांचा शर्ट मुठीत धरलेला असतो, आणि वळण आलं की ती डोळे गच्च मिटून घेते. तीच काकू मोबाइलवर हळदी रंगाची मोटार घेऊन शर्यतीत उतरली की समोरच्या गाडीला कठड्यावर घासत नेते आणि वर तिलाच दटावते, "बाजूले हो म्हटलं होतं ना तुले!"

हे वेड तिला तिच्या लेकीने, राधिकाने लावलं. राधिका नागपूरला दिलेली. तिचं बाळंतपण झालं तेव्हा तिची सासू शर्मिष्ठाबाई शेजारच्या खोलीतून आणि आमची काकू रायपूरहून फोनवर, अशा दोघी मिळून तिला दिवसभर शहाणपण शिकवत. एक म्हणे बाळाला टोपडं घाल, दुसरी म्हणे काढ. एक म्हणे घुटी दे, दुसरी म्हणे खबरदार. शेवटी राधिकाने दोघींच्या मोबाइलवर हा मोटारींचा गेम टाकला, कसा खेळायचा ते शिकवलं आणि सांगितलं, आता काय भांडायचं ते एकमेकींशी भांडा. तेव्हापासून दोघी विहिणी रोज दुपारी जेवणं आटोपली की समोरासमोर गाड्या पळवतात. काकूचं तिथलं नाव 'गोदू सुपरफास्ट'. विहीणबाईंनी आपलं नाव 'श्रीमती शर्मिष्ठा' असं ठेवलं आहे. गेममध्येसुद्धा कुणी एकेरी हाक मारू नये, हा हेतू.

मी भावना, काकूची पुतणी. दोन गल्ल्या सोडून राहते. तिच्याकडे चहाला जायचं तर मला शर्यत संपायची वाट पाहावी लागते, तेव्हा या प्रकरणाचा मला जाच किती झाला ते मलाच ठाऊक.

यंदा गोष्ट खेळावर राहिली नाही. दिवाळसण सोडला तर राधिका दिवाळीला एकदाही रायपूरला आलेली नव्हती. दर वर्षी विहीणबाईंकडे काहीतरी निघे. कधी त्यांच्या सासऱ्यांची तब्येत, कधी पाहुणे, कधी नुसतंच "आमच्याकडे सुनेशिवाय लक्ष्मीपूजन होत नाही हो." काकू दर वर्षी अनारशांचा डबा पाठवी आणि चार दिवस कुणाशी नीट बोलत नसे. यंदा नात चालायला लागली होती. काकूने ती अजून फोनवरच चालताना पाहिली होती. "मले तिले अंगणात चालताना पाहाचं हाय," असं तिने सांगितलं, आणि विहीणबाईंनीही नेहमीप्रमाणे काहीतरी काढलं. दोघींचे फोन घेऊन घेऊन राधिकाचं डोकं उठलं. ती म्हणाली, "तुम्ही दोघी रोज गाड्या पळवता ना? मग पळवूनच ठरवा. जी जिंकेल तिच्याकडे आमची दिवाळी. मुझे बीच में मत लाओ."

शर्यतीचा दिवस विहीणबाईंनी ठरवला आणि मोठ्या खुबीने ठरवला. महालक्ष्म्यांच्या जेवणाचा दिवस, संध्याकाळी, दिवेलागणीला. त्यांच्याकडे महालक्ष्म्या नाहीत. आमच्याकडे आहेत. त्या दिवशी काकू पहाटेपासून सोळा भाज्या, पुरण आणि आंबील यांत गळ्यापर्यंत बुडालेली असते, हे त्यांना चांगलं माहीत. मी म्हटलं, दिवस बदलून माग. काकू भडकली. "बदलून मागू? म्हणजे त्या नागपूरभर सांगतीन का रायपूरवाली भ्याली म्हणून!"

आता काकांबद्दल सांगायला हवं. नरहरीकाका सिलतऱ्याच्या पोलाद कारखान्यातून निवृत्त झाले, आणि लोखंड सोडून त्यांचा जगात कशावर विश्वास नाही. महालक्ष्म्यांचे मुखवटे आमच्याकडे वर्षानुवर्षं बांबूच्या विणलेल्या कोठ्यांवर बसत. कोठी म्हणजे देवीचं धड. त्यात धान्य भरायचं, वरून लुगडं नेसवायचं आणि मुखवटा ठेवायचा. यंदा काकांनी त्या बांबूच्या कोठ्या अडगळीत टाकल्या आणि भनपुरीला ओळखीच्या एका कारखान्यात जाड स्टीलच्या दोन कोठ्या करवून आणल्या. वर बोटाने वाजवलं तर घंटेसारखा आवाज यायचा. येणाऱ्याजाणाऱ्याला ते वाजवून दाखवत. "गंज नाही, कीड नाही. नातीच्या नातीपर्यंत चालतीन," म्हणत.

महालक्ष्म्या आल्या त्या दिवशी काका आणि मी त्या कोठ्या पुढच्या खोलीतल्या नेहमीच्या भिंतीशी मांडल्या. गहू-तांदूळ भरले, मागे चमकीचा पडदा लावला, वर करंज्या-पापड्यांचा फुलोरा टांगला. दोन्ही बहिणी लक्ष्मीच्या पावलांवरून घरात आल्या, उभ्या राहिल्या, आणि काकूने पदर डोळ्याला लावला. दर वर्षी लावते. महालक्ष्म्या माहेरपणाला येतात, असं आपण म्हणतो. काकू ते नुसतं म्हणत नाही. तिच्या घरी त्या तीन दिवस खरोखरच दोन लेकी आलेल्या असतात. त्यांना काय आवडतं, कुणाला आंबील जास्त लागते, सगळं तिला ठाऊक असतं.

आरती झाली आणि काकू सरावाला बसली. गाडी सुटली, पहिल्या वळणापर्यंत झोकात गेली आणि भर रस्त्यात उभी राहिली. चाकं फिरेनात. पडद्यावर एक गोल तेवढं गरगरत राहिलं. विहीणबाईंची पांढरी मोटार शेजारून निघून गेली. थोड्या वेळाने काकूची गाडी एकदम उडी मारून थेट खड्ड्यात सापडली. लगेच विहीणबाईंचा फोन. "काय हो, पेट्रोल संपलं का?"

त्यानंतर घरात जे सुरू झालं त्याला चौकशी म्हणायचं की धरपकड, मला सांगता येणार नाही. आधी काका पकडले गेले. ते फोनवर भजनं पाहतात म्हणून नेट संपतं, असा आरोप. काकांचा फोन जप्त झाला. गाडी तशीच अडकली. मग फ्रिजवर संशय आला आणि फ्रिज बंद करून पाहिला. मग महालक्ष्म्यांपुढची रंगीत दिव्यांची माळ. ती बंद केली तर देवी अंधारात, म्हणून काकूने स्वतःच लगबगीने पुन्हा लावली आणि देवीची माफी मागितली. राउटर बंद करून चालू करायचा म्हणून काकांनी बोर्डवरची बटणं दाबली, तर सगळ्या घरातले दिवे गेले. मोबाइलच्या डेटावर खेळावं तर काकूच्या गल्लीत तो येईपर्यंतच त्याला दम लागतो. गच्चीवर जरा येतो, पण तिथे काकू दोनदा गेली आणि दोन्ही वेळा पावसाने तिला खाली पाठवलं. माझ्या घरी येऊन खेळ म्हटलं, तर देवी घरात असताना घर सोडायला ती तयार नाही.

मग तिची नजर शेजारच्या श्रावणीवर गेली. श्रावणी नुकतीच नोकरीला लागलेली पोरगी, भिंतीला भिंत. "तीच आपलं नेट ओढून राहिली," काकूने निकाल दिला. मी म्हटलं, पुरावा काय? "पुरावा काहून पाह्यजे? तिच्या खिडकीतून रोज शिनेमाचा आवाज येते अन् तिच्याकडे नेट नाही." माझ्याकडून पासवर्ड बदलून घेतला, आणि तेवढ्यावर न थांबता काकू कुंपणाशी जाऊन तिला ऐकवून आली. श्रावणी रडवेली होऊन आत गेली. नेट होतं तसंच राहिलं.

शेवटी कंपनीत तक्रार गेली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शिशिर आला. आपल्यातलाच पोरगा. मराठी सगळं कळतं, पण तोंड उघडलं की हिंदी. त्याने बाहेरच्या खांबावर पाहिलं, दाराशी येणारी तार पाहिली आणि म्हणाला, "काकी, लाइन तो मक्खन है. राउटर दिखाइए."

राउटर म्हणजे नेटचा तो डबा. ज्या भिंतीशी महालक्ष्म्या उभ्या असतात त्याच भिंतीतल्या कोनाड्यात तो बसवलेला आहे, कारण तार तिथूनच घरात येते.

"तो देवीच्या मागं हाय," काकू म्हणाली. "आंघोळ करून आला का?"

"हाँ काकी."

"पट्टा चामड्याचा दिसते."

शिशिरने पट्टा काढून बाहेर ठेवला आणि एका हाताने पँट धरून उभा राहिला.

"सकाळपासून काय खाल्लं?"

"समोसा, काकी. बस, एक."

"कुठचा?"

"चौक का."

"मग तिथंच उभा राह्य."

बिचाऱ्याने उंबऱ्यावरूनच मान लांब करून आत पाहिलं. हातातल्या फोनवर काहीतरी मोजलं, पुन्हा मोजलं. मग विचारलं, "काकी, राउटर के सामने कुछ रखा है क्या?"

"काही नाही ठेवलं," काकू म्हणाली. "महालक्ष्म्या हाय."

त्याने एकदा देवीकडे पाहिलं, एकदा काकूकडे. काका उत्साहाने कोठीवर बोट वाजवून दाखवायला पुढे झाले. तो आवाज ऐकून शिशिरचा चेहरा खुलला, तोंड उघडलं, आणि काकूची नजर पाहून पुन्हा बंद झालं. देवीमुळे नेट अडतंय, असं भर सणाच्या दिवशी म्हणायची त्याची छाती झाली नाही. "परसों आता हूँ, विसर्जन के बाद," एवढं म्हणून, आदल्या संध्याकाळचा प्रसाद घेऊन तो गेला. पट्टा विसरला आणि परत येऊन घेऊन गेला.

शोध काकूनेच लावला, तोही न लावता. नैवेद्याच्या आधी धाकटीचा पदर मागून सुटला होता. तो खोचायला काकू अंग चोरून भिंत आणि पडदा यांच्या मधल्या जागेत शिरली. मोबाइल कमरेला खोचलेला. आत जाताच त्याच्या जणू अंगात आलं. टिंग टिंग टिंग, आदल्या दिवसापासूनचे सगळे निरोप एकदम येऊन पडले. विहीणबाईंनी पाठवलेलं जोडलेल्या हातांचं चित्रही त्यात होतं. काकू बाहेर आली, आवाज थांबले. पुन्हा आत गेली, पुन्हा टिंग. ती बाहेर येऊन कोठ्यांकडे बघत राहिली आणि मग तिने काकांकडे असं पाहिलं की काका न सांगताच नारळ आणायला गेले.

मी म्हटलं, "काकू, सोपं आहे. थोरलीची कोठी हातभर सरकवू. शर्यत झाली की पुन्हा जागेवर."

आमच्याकडे महालक्ष्म्या एकदा उभ्या केल्या की तिसऱ्या दिवशी निरोप देईपर्यंत हलवत नाहीत. हे मला माहीत होतं. तरी म्हटलं, कारण मलाही राधिका यायला हवी होती.

काकू माझ्यावर ओरडेल असं वाटलं होतं. ती ओरडली नाही. पाटावर बसली. "भावना," ती म्हणाली, "माहेरी आलेल्या पोरीले ऊठ म्हणू का मी? अन् काहून, तर माझी पोरगी माहेरी याव म्हणून?" तिचे डोळे भरले. माझेही भरले. मला स्वतःची लाज वाटली. मग काकूने नाक ओढलं, पदर खोचला आणि म्हणाली, "त्या नाही हलत. मीच मागं बसते."

संध्याकाळ झाली. हळदीकुंकवाला बायका यायला लागल्या आणि पुढची खोली भरली. पाऱ्यातल्या, म्हणजे आमच्या मोहल्ल्यातल्या, सगळ्यांत वयस्कर सवाष्ण म्हणजे कुसुमताई. त्या देवीसमोर मांडी घालून बसल्या आणि विचारू लागल्या, "गोदू कुठं दिसत नाही?" मी सांगितलं, देवीच्या मागे बसून जप करते आहे, तिचा नेम आहे. हा नेम मी त्याच क्षणी तयार केला होता. कुसुमताई प्रसन्न झाल्या. "आजकाल कोण करते इतकं!"

काकू आत पोत्यावर बसली होती. पाठ भिंतीला, गुडघे थोरलीच्या कोठीला आणि डोक्यावर राउटरचे हिरवे दिवे. आवाज बंद करायला मी बजावलं होतं. तिने फोनचा आवाज बंद केला. स्वतःचा करायचं राहिलं.

शर्यत सुटली ते मला देवीच्या मागून कळलं. "निघ, निघ, निघ!" असा आवाज आला. बायका दचकल्या. मग थोडं शांत, आणि मग, "अव माय, अशी आडवी काहून येते!"

एक बाई दोन्ही हात जोडून उभी राहिली. कुसुमताईंनी डोळे मिटले आणि हळूच म्हणाल्या, "देवी बोलून राहिली."

मी घाईघाईने हळदीकुंकू लावत सुटले. एकीच्या नाकाला लावलं. पुन्हा आतून आवाज, "सोडत नाही मी तुले आज! लय वर्षं सोडलं!" आता दोन बायकांनी डोकं जमिनीला टेकलं. तेवढ्यात दारात श्रावणी उभी. काकूने एवढं ऐकवलं होतं, तरी पोरगी हळदीकुंकवाला आली होती. तिने कान दिला. तिने असले गेम पुष्कळ खेळलेले. तिने पडद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, माझं तोंड पाहिलं आणि तिला सगळं समजलं. सरळ पुढे आली, ताट उचललं आणि खणखणीत आवाजात आरतीच सुरू केली. काकांनी घंटा धरली. कारखान्यातला माणूस, हात काही हलका नाही. बायकांनी टाळ्या धरल्या. मागून काकू काय काय म्हणाली ते फक्त देवींनी ऐकलं असेल. आरतीच्या मध्येच श्रावणी माझ्या कानाशी आली. मला वाटलं, काकूची विचारपूस करेल. ती म्हणाली, "दीदी, नया पासवर्ड क्या है?"

काकूचा संशय खरा होता तर. मी मुकाट्याने सांगितला.

आरती संपली आणि त्या शांततेत देवीच्या मागून एक हुंदका आला. मग, "आणली! आणली व माय माझी पोरगी!"

काकू बाहेर आली तेव्हा केसांत जाळं, कपाळाचं कुंकू नाकापर्यंत आणि डोळ्यांतून धारा. कुसुमताई तिच्यापेक्षा कितीतरी मोठ्या, तरी वाकायला निघाल्या. काकूने त्यांना धरलं. "काय दिसलं व तुले, गोदू?" कुसुमताईंनी विचारलं.

"दिवाळी दिसली, ताई," काकू म्हणाली. खोटं काय त्यात?

नंतर तिने मला सांगितलं, शेवटच्या वळणावर दोन्ही गाड्या बरोबर होत्या, आणि तिने सवयीने डोळे मिटून घेतले. अंगठा मात्र दाबलेलाच ठेवला. डोळे उघडले तर विहीणबाई कठड्यावर आणि ती पलीकडे.

विहीणबाईंचा फोन आला. "जिंकलात हो. नेट आलं वाटतं तुमचं? ठीक आहे, येऊ द्या सगळ्यांना. पण भाऊबीज झाली की लगेच परत पाठवा हं. आमच्याकडे पाहुणे आहेत."

"हव, हव," काकू म्हणाली. ती दोनदा हव म्हणाली, तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

तिसऱ्या दिवशी महालक्ष्म्यांना निरोप दिला. मुखवटे उतरले, कोठ्या रिकाम्या होऊन बाजूला झाल्या, आणि घरातले सगळे मोबाइल एकदम वाजायला लागले. दुसऱ्या दिवशी शिशिर शब्दाला जागून आला तर त्याला करायला काही उरलंच नव्हतं. त्याला बसवून जेवू घातलं. काकू मात्र त्या मोकळ्या भिंतीकडे बघत बसली होती. "नेट आलं," ती म्हणाली, "पोरी गेल्या." काकांना तिने एवढंच सांगितलं, की पुढच्या साली बांबूच्या काढा. काका दुखावले आणि स्टीलच्या कोठ्या त्यांनी स्वतः माळ्यावर चढवल्या.

दिवाळीत राधिका आली. जावई नीलेश आले, नात आली. ती अंगणभर चालली, रांगोळीवरूनही चालली, आणि काकूने ती रांगोळी तशीच पायांच्या ठशांसकट ठेवली. त्या दिवसांत काकूने गेम उघडलाच नाही. विहीणबाई रोज शर्यतीला बोलावत होत्या.

भाऊबीज झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी राधिका परतीचं तिकीट काढायला बसली. गोल फिरायला लागलं. नीलेशनी आपल्या फोनवर पाहिलं, तिथेही गोल. "मम्मी, नेट काहून नाही चालून राहिलं?" राधिकाने विचारलं. स्वयंपाकघरातून पोळ्या लाटल्याचा आवाज तेवढा आला.

मी तेव्हा तिथेच होते. राधिका आणि मी पुढच्या खोलीत गेलो. भिंतीशी, राउटरच्या बरोबर पुढे, घासूनपुसून लख्ख केलेल्या स्टीलच्या दोन्ही कोठ्या शेजारी शेजारी उभ्या होत्या. तांदळाने काठोकाठ भरलेल्या. काका खुर्चीत बसले होते आणि माळ्यावरची धूळ त्यांच्या डोक्यावर अजून तशीच होती.

"बाबा, हे काय?"

"मले काही माहीत नाही," काका म्हणाले. "तुझ्या आईले तांदूळ भराचे होते."

काकू पोळपाटावरून उठून दारात आली होती. हात पिठाचे. लाटणं तसंच हातात. महालक्ष्म्यांची सगळी गोष्ट राधिकाला मी फोनवर सांगितलेली होती. तिने कोठीवर बोट वाजवलं, आवाज संपेपर्यंत ऐकला आणि आईकडे पाहिलं. नीलेश कोठी सरकवायला पुढे झाले.

"राहू द्या," राधिका म्हणाली. "आमच्याकडे भरलेल्या कोठ्या हलवत नाहीत."

मग ती आईजवळ गेली आणि तिच्या हातातलं लाटणं काढून घेतलं. "तिकिटाचं परवा पाहू, मम्मी."

"हव," काकू म्हणाली. यावेळी एकदाच.